व्यक्तिगत दैनंदिनी आणि घरगुती सर्व्हर : गोपनीयता व टिकाऊपणा यांचा विचार

प्रस्तावना

दैनंदिनी हा मूलतः खाजगी लेखनप्रकार होय. पत्राला प्राप्तकर्ता असतो, लेखाला वाचक असतो. दैनंदिनी मात्र लिहिणाराच वाचतो, निदान त्याच्या हयातीत तरी. दीर्घकाळ तिचे स्थान टेबलाच्या खणात किंवा कपाटात होते. गेल्या दोन-तीन दशकांत अनेकांची दैनंदिनी वहीतून संगणकात व मोबाइलमध्ये गेली आणि तेथून, पुष्कळदा लेखकाच्या लक्षातही न येता, दूरच्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसली. या स्थलांतराला उत्तर म्हणून संगणकाची आवड असणारी मंडळी स्वतःच्या घरीच लहानसा सर्व्हर उभारून आपले लेखन त्यावर ठेवू लागली आहेत.

प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप, लाभ व मर्यादा यांचा विचार केला आहे. दैनंदिनी सुरक्षित राहण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात : आज ती कोणी वाचू नये म्हणून कुलूप, ती नष्ट होऊ नये म्हणून प्रत आणि उद्या योग्य व्यक्तीला ती वाचता यावी म्हणून किल्ली. घरगुती सर्व्हर यांपैकी पहिली गोष्ट उत्तम प्रकारे पुरवितो, दुसरी अर्धवट पुरवितो आणि तिसरी मुळीच पुरवीत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. दैनंदिनी टिकते कशी?

इंग्लंडच्या नौदल प्रशासनातील अधिकारी सॅम्युएल पीप्स याने १६६० ते १६६९ या काळात लिहिलेली दैनंदिनी या संदर्भात उद्बोधक आहे. पीप्सने ती टॉमस शेल्टन याच्या लघुलिपीत लिहिली. हे त्या काळचे कुलूपच होते. पुढे त्याने आपला ३,००० ग्रंथांचा संग्रह, दैनंदिनीच्या सहा खंडांसह, भाच्याच्या मृत्यूनंतर केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयाकडे जावा अशी व्यवस्था केली आणि संग्रहात भर घालू नये वा त्यातून काही काढू नये अशी अट घातली. १८१९ ते १८२२ या काळात जॉन स्मिथ याने परिश्रमपूर्वक ती लिपी उलगडली आणि १८२५ साली दैनंदिनी निवडक स्वरूपात प्रथम प्रसिद्ध झाली. विशेष म्हणजे शेल्टनच्या लघुलिपीचे पुस्तक त्याच संग्रहात होते. स्मिथला ते ठाऊक नव्हते. कुलूप, ग्रंथ आणि किल्ली ही तिन्ही एकाच दालनात होती. किल्ली कोठे आहे याची नोंद तेवढी नव्हती.

महाराष्ट्रातील उदाहरण व्यक्तिगत दैनंदिनीचे नव्हे, कारभाराचे आहे. परंतु त्यातील बोध तोच आहे. पेशवे दफ्तरातील रोजकीर्दींमधून रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी केलेल्या निवडीचे खंड विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. मूळ कागद मोडी लिपीत आहेत. ते लिहिणाऱ्यांनी काहीही लपविले नव्हते. तरीही लिपी व्यवहारातून गेल्यामुळे ते कागद आज सर्वसामान्य मराठी वाचकास बंद आहेत. म्हणजे कुलूप घातले नाही तरी काळ ते घालतो.

तिसरे उदाहरण अ‍ॅन फ्रँकचे. ऑगस्ट १९४४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधील गुप्त निवासातून फ्रँक कुटुंबाला अटक झाल्यावर मागे राहिलेले लेखन मीप खीस यांनी गोळा केले, न वाचता खणात जपून ठेवले आणि युद्धानंतर अ‍ॅनचे वडील ओटो फ्रँक यांच्या हाती दिले. ते १९४७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. येथे दैनंदिनी वाचली ती कोणत्याही साधनामुळे नव्हे, तर एका विश्वासू व्यक्तीमुळे.

२. घरगुती सर्व्हरचे स्वरूप

सर्व्हर म्हणजे अखंड चालू राहून इतर यंत्रांना माहिती पुरविणारा संगणक. त्यासाठी मोठे यंत्र लागतेच असे नाही. घरातील जुना संगणक किंवा २०१२ साली ब्रिटनमध्ये बाजारात आलेला, क्रेडिट कार्डाएवढा रास्पबेरी पाय हा संगणक या कामास पुरेसा होतो. त्यावर सामान्यतः लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसविली जाते. यंत्र घरच्या राउटरला जोडले की घरातील मोबाइल व संगणक त्यावर मजकूर ठेवू व वाचू शकतात. नेक्स्टक्लाउडसारख्या मुक्त आज्ञावलीने दोन उपकरणांतील नोंदी आपोआप एकसारख्या राहतात.

वीजखर्चाचा हिशेब सोपा आहे. ५ वॅट घेणारे लहान यंत्र महिनाभर अखंड चालविल्यास ३.६ युनिट वीज लागते. ६० वॅट घेणाऱ्या जुन्या संगणकास सुमारे ४३ युनिट लागतात. म्हणजे फुकट मिळालेले जुने यंत्र चालविण्यास फुकट नसते. आपल्याकडे वीज अचानक जाण्याचा प्रश्नही आहे. लिहिण्याची क्रिया चालू असताना वीज गेल्यास मेमरी कार्डावरील माहिती बिघडू शकते. म्हणून यंत्र इन्व्हर्टर वा यूपीएसवर ठेवणे इष्ट ठरते.

३. कुलूप : गोपनीयता

आपले लिखाण कोणी वाचणार नाही ही खात्री दैनंदिनीत केवळ सोयीची बाब नाही. लेखनाच्या प्रामाणिकपणाचा तो आधार आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटे लेखन केले. ज्यांनी आयुष्यातील क्लेशकारक घटना व त्यांविषयीच्या भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढील महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात तुलनेने कमी वेळा गेले. जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा लाभ आढळला, पण तो अल्प होता. दैनंदिनी हे औषध नव्हे, हे त्यावरून स्पष्ट होते. तथापि कोणी पाहील या भीतीने हात आखडला, तर तो अल्प लाभही मिळण्याची शक्यता उणावते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियमातून व्यक्तीने स्वतःच्या वा घरगुती कामासाठी केलेला माहितीचा वापर वगळण्यात आला आहे. हक्क कायद्याने मिळतो, कुलूप मात्र स्वतःच घालावे लागते. घरगुती सर्व्हरची येथील जमेची बाजू ही की, दैनंदिनी इंटरनेटवर आणण्याची गरजच उरत नाही. ती घरच्या जाळ्यापुरती ठेवता येते. बाहेरून पाहणे आवश्यक असल्यास वायरगार्डसारखा खाजगी मार्ग वापरता येतो. सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे दैनंदिनीसाठी अनावश्यक व धोक्याचे आहे.

एक व्यावहारिक अडचण मात्र लक्षात घेतली पाहिजे. संपूर्ण डिस्क कूटबद्ध केली, तर प्रत्येक वेळी वीज गेल्यानंतर यंत्र पासवर्डची वाट पाहत थांबते. त्याला कंटाळून पुष्कळ हौशी मंडळी कूटबद्धता टाळतात; मग यंत्र चोरीस गेले की दैनंदिनीही वाचनीय स्वरूपात चोरीस जाते. केवळ दैनंदिनीचा विभाग कूटबद्ध करणे हा यावरील मध्यममार्ग होय.

४. प्रत : टिकाऊपणा

परक्या सेवेवर ठेवलेले लेखन त्या सेवेच्या आयुष्याशी बांधलेले असते. जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये व ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाली. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार दोन वर्षे न वापरलेले व्यक्तिगत खाते काढून टाकले जाऊ शकते. मृत व्यक्ती आपले खाते वापरीत नाही, ही गोष्ट दैनंदिनीच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे.

परंतु घरचा सर्व्हरही अमर नाही. आग, पूर, चोरी किंवा चुकीची एक आज्ञा यांपैकी काहीही त्याचा शेवट करू शकते. दोन डिस्कवर एकाच वेळी मजकूर लिहिणारी रेड ही व्यवस्था बसविली की काम झाले, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. रेडमुळे एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहते. मात्र चुकून पुसलेली नोंद दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाते. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा संगणकक्षेत्रात रूढ झालेला नियम येथेही लागू पडतो. प्रत घेतली एवढे पुरेसे नाही. वर्षातून एकदा ती उघडून वाचून पाहणे आवश्यक आहे.

प्रती ठेवण्यास जागा किती लागते? युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. रोज २,००० चिन्हे, म्हणजे साधारण ३०० शब्द, लिहिल्यास वर्षाला सुमारे २२ लाख बाइट होतात. पन्नास वर्षांचे लेखन सुमारे ११ कोटी बाइटांत मावते. छायाचित्रे वगळता संपूर्ण आयुष्याची दैनंदिनी एका साध्या पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात बसते. अडचण जागेची नसून स्वरूपाची आहे.

स्वरूपाचा हा प्रश्न मराठी अध्यापकांच्या परिचयाचा आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या आज्ञावल्यांवर टंकलिखित केलेले प्रबंध व टिपणे मूळ फॉन्ट नसल्यास आज निरर्थक अक्षरांच्या रांगा होऊन समोर येतात. ही संगणकातील मोडीच होय. यास्तव दैनंदिनी एखाद्या विशिष्ट आज्ञावलीच्या बंदिस्त संचात न ठेवता युनिकोडमधील साध्या मजकूर-फाइलींत, फाइलीच्या नावात दिनांक घालून ठेवणे श्रेयस्कर ठरते. सर्व्हर बदलला, आज्ञावली कालबाह्य झाली, तरी अशी फाइल उघडता येते.

५. किल्ली : हस्तांतरण

कूटबद्धतेचा आणि पीप्सच्या लघुलिपीचा हेतू एक असला तरी परिणाम भिन्न आहे. लघुलिपी चिकाटीने उलगडता आली. आधुनिक कूटबद्धता उत्तम पासवर्डसह वापरली असता चिकाटीने उलगडत नाही. पासवर्ड केवळ लेखकाच्या स्मरणात असेल, तर त्याच्या निधनाबरोबर दैनंदिनीही संपते. घरगुती सर्व्हरच्या बाबतीत धोका दुहेरी आहे. कारण ते यंत्र कसे चालते हे बहुधा घरातील एकाच व्यक्तीला ठाऊक असते. कपाटावरची, दिवा लुकलुकणारी ती पेटी काय आहे हे इतरांना माहीत नसल्यास ती बंद करून भंगारात जाणे स्वाभाविक आहे.

म्हणून कागदावर लिहिलेले एक पान आवश्यक आहे. त्यात यंत्र कोणते, दैनंदिनी कोठे आहे, प्रती कोणाकडे आहेत, पासवर्ड कोठे ठेवला आहे आणि लेखकाची इच्छा काय आहे, एवढे असावे. दैनंदिनी नष्ट करावी, ही इच्छाही तितकीच आदरणीय आहे. ती नोंदवलेली मात्र हवी. हे पान पाकिटात बंद करून इच्छापत्रासोबत किंवा विश्वासू व्यक्तीकडे ठेवता येते.

६. लेखनाची सवय आणि यंत्राची हौस

शेवटचा मुद्दा यंत्राचा नसून मनुष्यस्वभावाचा आहे. सर्व्हर उभारणे हा आनंददायक छंद आहे. नवी आज्ञावली बसविणे, ती मोडणे, पुन्हा जुळविणे यातून संगणकाचे ज्ञान खरोखर वाढते. तथापि संध्याकाळचा जो अर्धा तास लेखनासाठी होता तो व्यवस्था सुधारण्यात जाऊ लागला, तर साधनाने साध्याची जागा घेतली असे म्हणावे लागते. दैनंदिनीची नोंद आणि यंत्राची डागडुजी यांच्या वेळा वेगळ्या ठेवणे, आणि सर्व्हर बंद असला तरी लिहिता यावे म्हणून जवळ एक वही ठेवणे, हे यावरील सोपे उपाय होत. यंत्रात केलेल्या बदलांचीही दिनांकवार नोंद ठेवल्यास ती दुसऱ्याला व्यवस्था समजून घेण्यास उपयोगी पडते. येथे दोन्ही छंद परस्परांना पूरक ठरतात.

समारोप

घरगुती सर्व्हर दैनंदिनीची मालकी लेखकाकडे परत आणतो. त्याबरोबर अभिलेखपालाची जबाबदारीही त्याच्याकडे येते. ही जबाबदारी महाविद्यालये काही अंशी वाटून घेऊ शकतात. संगणकशास्त्र विभाग साध्या स्वरूपाचे व प्रतींचे प्रात्यक्षिक देऊ शकतो. इतिहास व मराठी विभाग स्थानिक दैनंदिन्यांचे महत्त्व पटवू शकतात. ग्रंथालय लेखकाने घातलेल्या मुदतीपर्यंत न उघडण्याच्या अटीवर त्या स्वीकारू शकते. मॉडलिन महाविद्यालयाने पीप्सच्या बाबतीत केले ते याहून फारसे वेगळे नव्हते. शिक्षक, शेतकरी, गृहिणी, कामगार यांच्या आजच्या नोंदी उद्याच्या सामाजिक इतिहासाची साधने आहेत. त्या उद्याच्या अभ्यासकाच्या हाती पडतील की नाही, हे यंत्राच्या क्षमतेपेक्षा लेखकाने आज लिहून ठेवलेल्या त्या एका पानावर अधिक अवलंबून राहील.