टेलर म्हणजे शिंपी, मग मुलीचं नाव टेलर कसं? इंग्रजी आडनावांची नावं होण्यामागची गोष्ट

टेलर स्विफ्ट हे नाव आज जगभर माहीत आहे. पण ‘टेलर’ म्हणजे शिंपी, आणि मुळात ते इंग्रजी आडनाव आहे. १९८९ मध्ये जन्मलेल्या या गायिकेला आईवडिलांनी जेम्स टेलर या गायकाच्या आडनावावरून हे नाव दिलं. ही पद्धत मात्र बरीच जुनी आहे.

आडनावं आली कुठून?

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतरच्या काही शतकांत तिथे आडनावं रुळली. एकाच गावात अनेक जॉन आणि विल्यम असायचे. मग ओळख पटायची ती धंद्यावरून: मेसन म्हणजे गवंडी, कार्टर म्हणजे गाडीवान. आपल्याकडच्या सुतार, लोहारसारखंच. लिंकन हे गावावरून, तर जॅक्सन हे ‘जॅकचा मुलगा’ यावरून आलं.

आडनावाचं नाव का झालं?

लग्नानंतर बाईचं माहेरचं आडनाव मागे पडायचं. बड्या घराण्यांत त्या आडनावामागे प्रतिष्ठा आणि वारसा असे. ते टिकावं म्हणून मुलाला तेच नाव देत. लेडी जेन ग्रेचा नवरा गिल्डफर्ड डडली याचं नाव म्हणजे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. पुढे अमेरिकेत थोर पुरुषांची आडनावंही मुलांना मिळू लागली. १७८३ मध्ये जन्मलेले लेखक वॉशिंग्टन आयर्विंग हे त्याचं उदाहरण.

मुलींकडे कशी आली?

शार्लट ब्राँटेच्या १८४९ च्या ‘शर्ली’ कादंबरीत आईवडिलांना मुलगा हवा असतो, म्हणून ते मुलीलाच पुरुषी नाव देतात. त्यानंतर ‘शर्ली’ मुलींचंच नाव होत गेलं. १९८४ च्या ‘स्प्लॅश’ चित्रपटातली जलपरी न्यूयॉर्कमधल्या मॅडिसन ॲव्हेन्यूवरून स्वतःचं नाव ठेवते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या मुलींच्या नावांत ‘मॅडिसन’ दुसऱ्या क्रमांकावर होतं. गंमत म्हणजे त्यातल्या ‘सन’चा अर्थ मुलगा!

आज आकर्षण कशाचं?

ही नावं वेगळी वाटतात, तरी कानाला ओळखीची असतात. शिवाय नावावरून मुलगा की मुलगी हे लगेच कळत नाही, हेही अनेक पालकांना आवडतं. पण हा समतोल फार टिकत नाही. ‘ॲशली’ एकेकाळी पुरुषाचं नाव होतं. अमेरिकेत मुलींमध्ये ते लोकप्रिय झालं आणि मुलांच्या पालकांनी ते सोडून दिलं. मुलीला मुलाचं नाव चालतं, पण मुलाला मुलीचं नाव द्यायला पालक अजून कचरतात.