वायर निघते तो क्षण

पहाटे ५.३०
रात्रभर चालू ठेवलेली चाचणी पाहायला मी घरात सगळ्यांच्या आधी उठते. टेबलावर तीन यंत्रं आहेत: रोजच्या कामाचा संगणक, एक जुना लॅपटॉप आणि तळहाताएवढा एआरएम बोर्ड. लिनक्स कर्नलच्या स्थिर आवृत्तीत नव्या दुरुस्त्या घालण्याआधी ग्रेग क्रोह-हार्टमन त्या तपासणीसाठी खुल्या करतात. त्यासाठी साधारण ४८ तास मिळतात. कर्नलच्या यूएसबी विभागाची देखरेखही त्यांच्याकडेच आहे. माझ्याकडे त्यातला एक छोटा कोपरा आहे. आमच्या कंपनीच्या उपकरणांतल्या कर्नलचे यूएसबी ड्रायव्हर मी सांभाळते आणि त्यासाठी वर्षाचे बहुतेक महिने तारकर्लीच्या घरीच असते.

सकाळी ७
नवं कर्नल चढवलं की प्रत्येक उपकरण हाताने लावून बघते: कीबोर्ड, पेन ड्राइव्ह, स्कॅनर, मोडेम. वायर लावल्यावर पहिल्या सेकंदात काय घडतं, ते पाहण्यासारखं असतं. उपकरण दोन डेटा-तारांपैकी एक तार दीड किलोओहमच्या रोधातून वर खेचतं. कोणीतरी आलं, हे हबला तेवढ्यावरून कळतं. मग कर्नल त्या उपकरणाला रीसेट करतं, १ ते १२७ मधला एक पत्ता देतं आणि १८ बाइटची ओळख मागतं. उत्पादकाचा आणि वस्तूचा क्रमांक त्यातच असतो. त्यावरून कोणत्या ड्रायव्हरला हाक मारायची ते ठरतं.

सगळी ओळख नीट पटली. तोवर आतून हाक आली, "बाय, चाय निवता हा."

सकाळी ८.३०
पाऊस संपला की इथे स्कूबाचा हंगाम सुरू होतो. शेजारचा मुलगा पर्यटकांना घेऊन पाण्याखाली जातो. तो केबल घेऊन दारात उभा. "ताई, वायर जोडलंय, पण घड्याळ दिसणा नाय."

घड्याळ म्हणजे मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर. किती खोल गेलो, किती वेळ राहिलो, वर किती सावकाश आलो, याची नोंद त्यात राहते. लिनक्सशी या वस्तूचं जुनं नातं आहे. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स स्वतः स्कूबा करतात. त्यांनी २०११मध्ये आपल्या डाइव्हच्या नोंदी ठेवण्यासाठी सबसरफेस हा प्रोग्राम लिहिला. कर्नलमधल्या एफटीडीआय चिपच्या ड्रायव्हरच्या यादीत तर ओशनिक कंपनीच्या डाइव्ह उपकरणाचा क्रमांक वेगळा नोंदलेला आहे.

त्याची केबल मी जुन्या लॅपटॉपला लावली. लॉगमध्ये ओळ आली: उपकरणाची ओळख वाचता आली नाही, चूक -७१. म्हणजे तारेवर काहीतरी आलं, पण ते यूएसबीच्या नियमात बसणारं नव्हतं. अशी ओळ दिसली की कोड उघडण्याआधी मी भिंग काढते. कनेक्टरच्या आतल्या चार पट्ट्यांपैकी मधल्या दोन हिरवट झाल्या होत्या. डेटाच्या तारा त्याच. खाऱ्या वाऱ्यात तांबं असंच कळकतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन पट्ट्या पुसल्या, वाळू दिल्या. पुन्हा जोडल्यावर घड्याळ दिसलं आणि नोंदी उतरू लागल्या.

एवढ्यात बाहेरून होडीवाल्याची हाक आली. गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. पोराने नोंदी उतरत असतानाच केबल उपटली आणि लॅपटॉप जागच्या जागी गोठला.

"माझ्यामुळे झाला काय गो ताई?"

"नाय रे. तू जा." मी मनापासून सांगितलं. सकाळची पहिली चूक खाऱ्या वाऱ्याची होती. दुसरी माझ्या ड्रायव्हरची.

सकाळी १०
एकदा घडलेल्या बिघाडावर विश्वास ठेवून कोड बदलायचा नाही, हा माझा नियम आहे. आधी तो हुकमी घडवता आला पाहिजे. माझ्याकडे एक हब आहे, त्याच्या एकेका पोर्टची वीज प्रोग्रामने तोडता येते. त्यावर केबल लावली, कर्नल केसॅनसह बांधलं आणि वीज तोडा-जोडा करणारी स्क्रिप्ट सोडली. केसॅन मेमरीच्या दर आठ बाइटांमागे एक बाइट पहाऱ्याला ठेवतं. यंत्र संथ होतं, पण मोकळ्या केलेल्या मेमरीला कोणी हात लावला की चोर जागेवर सापडतो.

तासभर काही झालं नाही. मग ड्रायव्हरचं एक मागे ठेवलेलं काम सुरू होतं, तिथे मुद्दाम ५०० मिलिसेकंदांचा थांबा घातला. चुकीची फट रुंद केली की चूक लवकर सापडते. काही मिनिटांत अहवाल आला. त्यात तीन याद्या होत्या: मेमरी कोणी घेतली, कोणी सोडली आणि सोडल्यावर कोणी वापरली. ही तिसरी यादी हाती आली की निम्मं काम झालं.

दुपारी १
बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. तिरफळाचा वास घरभर. जेवण होत नाही तोच लाईट गेली. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हा या किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हापासून इन्व्हर्टर आहे, पण चाचणीची यंत्रं मी त्यावर चालवत नाही.

दुपारी २.३०
छापलेला कोड घेऊन माडाखाली बसले. ड्रायव्हर उपकरणाकडे डेटा मागतो तो एका चिठ्ठीने. तिला यूआरबी म्हणतात. चिठ्ठी भरून परत आली की ड्रायव्हर एक काम रांगेत लावतो. ते काम डेटा वाचतं आणि तीच चिठ्ठी पुन्हा पाठवतं. केबल निघाल्यावर माझा कोड चिठ्ठी रद्द करत होता आणि लगेच मेमरी सोडत होता. रांगेतलं काम मात्र तसंच राहत होतं. ते जागं व्हायचं तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन गेलेली असायची.

मग काम आधी रद्द करावं का? प्रोग्राम पोर्ट बंद करतो तेव्हाही हीच साफसफाई चालते, आणि तिथे यूएसबीचा गाभा चिठ्ठ्या आपणहून थांबवत नाही. काम आधी रद्द केलं, तर वाटेतली चिठ्ठी परत येऊन नवं काम लावते. चिठ्ठी आधी रद्द केली, तर चालू असलेलं काम ती पुन्हा पाठवतं. होडी किनाऱ्यावर ओढायची तर आधी नवी माणसं चढणं बंद करावं लागतं, मग आतली उतरवावी लागतात आणि शेवटी हात लावायचा. इथेही तसंच. चिठ्ठी नुसती रद्द न करता तिच्यावर बंदी घालायची, म्हणजे ती पुन्हा पाठवताच येत नाही. मग रांगेतलं काम संपेपर्यंत थांबायचं. त्यानंतरच मेमरी सोडायची. पोर्ट पुन्हा उघडताना बंदी उठवायची.

संध्याकाळी ५
लाईट आली. बदल मोजक्याच ओळींचा. मुद्दाम घातलेला थांबा तसाच ठेवून स्क्रिप्ट पुन्हा सोडली.

संध्याकाळी ६
दुरुस्तीचं टिपण लिहायला कोडपेक्षा जास्त वेळ लागतो आणि मी तो देते. काय घडत होतं, कोणत्या क्रमाने घडत होतं, हाच क्रम का निवडला, आणि चूक कोणत्या जुन्या बदलातून आली. त्या बदलाच्या ओळखक्रमांकाची पहिली १२ अक्षरं टिपणात लिहायची, म्हणजे जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना ही दुरुस्ती कुठवर न्यायची ते कळतं. पाच वर्षांनी ही ओळ कोणी काढायला निघालं, तर त्याला थांबवायला मी तिथे नसेन. टिपण असेल.

रात्री ९
पोरगा केबल न्यायला आला. पट्ट्या दर आठवड्याला पुसायच्या आणि केबल झाकणाच्या डब्यात ठेवायची, एवढं त्याला सांगितलं. स्क्रिप्ट चालूच आहे, केसॅन गप्प आहे. सकाळपर्यंत असंच राहिलं, तर दुरुस्ती पाठवीन.

यूएसबी चालू यंत्रात लावता-काढता यावं म्हणूनच घडवलेलं आहे. माणूस घाईत असतो, होडी थांबत नाही, वायर अर्ध्यात निघणारच. त्या क्षणी यंत्र कोलमडलं, तर तो दोष वायर ओढणाऱ्याचा नाही. तुमचं यंत्र असं कधी गोठलं, तर स्वतःला बोल लावू नका. काय लावलं होतं, केव्हा काढलं आणि लॉगच्या शेवटच्या ओळी काय होत्या, एवढं लिहून कळवा. आम्हाला तेवढं पुरतं.