बांधकामाचा नकाशा, अभ्यासाचा नकाशा



गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा तुमच्यापैकी काही जणांनी पाहिले असेल. हे जंगल १९७० साली अभयारण्य झाले. पुढे २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आणि त्यात या जंगलाचा समावेश झाला. एकदा आम्ही शाळेची सहल घेऊन साकोलीहून पिटेझरीच्या फाटकाने नागझिऱ्यात गेलो होतो. सगळी मुले वाघ शोधत होती. वाघ काही दिसला नाही. परत येताना आम्ही नवेगावबांधच्या तलावावर थांबलो. तेथे एका मुलाने मला विचारले, "सर, एवढी मोठी पाळ कोणी बांधली? तेव्हा तर इंजिनिअर नव्हते!"

प्रश्न फार चांगला होता. भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे आहेत. यांतील कितीतरी जुने तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. पाणी कोठून वाहते, पाळ कोठे घालावी, जास्तीचे पाणी जाण्यासाठी सांडवा कोठे ठेवावा, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते. शेकडो माणसांकडून माती टाकून घ्यायची आणि पावसाळ्याच्या आत पाळ उंच करायची, हे सोपे काम नव्हते. अर्धवट पाळ पहिल्याच पुरात वाहून गेली असती. म्हणजे बांधण्याची कला त्यांना येत होती आणि काम वेळेत पार पाडण्याची कलाही येत होती. या दुसऱ्या कलेलाच आज आपण 'बांधकाम व्यवस्थापन' म्हणतो.

तुम्ही म्हणाल, "ते लोक कॉलेजात गेले नव्हते. मग आम्ही कशाला जायचे?" त्यांचे शिक्षण पिढ्यानपिढ्या घरात आणि शेतात होत होते. आजच्या कामांत लोखंड, काँक्रीट, यंत्रे, करार आणि कायदे आले आहेत. हे सर्व केवळ पाहून शिकता येत नाही.

व्यवस्थापक काय करतो?

गवंडी भिंत बांधतो. सुतार चौकट करतो. आर्किटेक्ट नकाशा काढतो. मग व्यवस्थापक काय करतो? तो या सर्वांची कामे एका माळेत ओवतो. त्याला चार गोष्टी सांभाळाव्या लागतात: वेळ, पैसा, कामाचा दर्जा आणि माणसांची सुरक्षितता. सिमेंट आधी आले आणि शेड तयार नसेल, तर पावसात सिमेंट खराब होते. मजूर आले आणि सळई आली नाही, तर मजुरी फुकट जाते.

नागझिऱ्यासारख्या भागात पाचवी गोष्टही सांभाळावी लागते. ती म्हणजे आजूबाजूचे जंगल. मुंबई-कोलकाता महामार्ग साकोली आणि देवरी या गावांवरून जातो. त्याच्या एका बाजूला नागझिऱ्याचे जंगल आहे, तर दुसऱ्या बाजूला नवेगावचे. वाघ, रानगवे आणि रानकुत्रे यांना इकडून तिकडे जावे लागते. अशा ठिकाणी रस्ता रुंद करताना जनावरांचा विचार करावा लागतो. नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या महामार्गावर पेंचच्या जंगलात असेच काम झाले. तेथे नऊ ठिकाणी रस्ता उंच करून खालून जनावरांसाठी मोकळी वाट ठेवली आहे. यांतील सर्वांत मोठ्या वाटा सुमारे ७५० मीटर रुंद आहेत. रस्ता पूर्ण झाल्यावर अशी वाट करायची म्हटले तर ते फार कठीण होते. ती आधीच नकाशात असावी लागते.

एका खोलीचे गणित

आता एक लहान उदाहरण घेऊ. समजा, नागझिऱ्याजवळच्या एका गावात शाळेची एक खोली बांधायची आहे. जूनच्या मध्याला पाऊस सुरू होतो. त्याआधी खोली तयार हवी. कामे अशी आहेत:

पायाची आखणी व खोदकाम: ४ दिवस
पाया बांधणे: ८ दिवस
भिंती: १५ दिवस
छताचे सेंटरिंग, सळई व स्लॅब: ७ दिवस
स्लॅबखालचे टेकू तसेच ठेवणे: १४ दिवस
गिलावा: ८ दिवस
फरशी: ४ दिवस

बेरीज ६० दिवस होते. १ एप्रिलला काम सुरू केले, तर ते ३० मेला संपेल. हाताशी जेमतेम दोन आठवडे उरतात.

टेकूंच्या १४ दिवसांत कोणी म्हणेल, "आता तर काहीच काम नाही. टेकू लवकर काढून टाकू." पण काँक्रीट एका दिवसात मजबूत होत नाही. त्याला पाणी मारत राहावे लागते. काँक्रीटची ताकद मोजण्यासाठी त्याचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे करून ठेवतात आणि २८ दिवसांनी ते दाबून पाहतात. घाई करून टेकू काढले, तर स्लॅब खाली येऊ शकतो आणि माणसे दगावू शकतात. म्हणून व्यवस्थापकाला कधी कधी थांबावेही लागते.

आणखी एक गोष्ट पाहा. सुताराला दाराखिडक्यांच्या झडपा करायला २० दिवस लागतात. त्या गिलावा झाल्यावर, म्हणजे ५६ दिवसांनंतर बसवायच्या आहेत. सुताराने ३६ दिवसांनंतर काम सुरू केले तरी चालेल. त्याने पहिल्या दिवशी सुरू केले आणि मध्ये पाच दिवस रजा घेतली, तरी काही बिघडत नाही. पण भिंतींना पाच दिवस उशीर झाला, तर सारी खोली पाच दिवस उशिरा होते. ज्या कामांचा उशीर सर्व कामाला उशीर करतो, त्या कामांच्या साखळीला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. ही पद्धत अमेरिकेत १९५७ च्या सुमारास तयार झाली. आज धरण असो की पूल, अशाच साखळीवर नजर ठेवून काम चालते.

आता तुमचा नकाशा काढा

मुलांनो आणि मुलींनो, हीच रीत अभ्यासाला लावा. शेवट कोठे करायचा आहे ते आधी ठरवा आणि तेथून मागे मोजत या.

समजा, तुम्हाला बांधकाम व्यवस्थापक व्हायचे आहे. त्यासाठी सिव्हिल इंजिनिअरिंग शिकावे लागेल. तेथे जाण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली वाट दहावीनंतरची. पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षांचा सिव्हिलचा डिप्लोमा करता येतो. तो चांगल्या गुणांनी पूर्ण केला, तर पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. दुसरी वाट बारावीनंतरची. अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घ्यायचे, प्रवेश परीक्षा द्यायची आणि चार वर्षांची पदवी घ्यायची. घरची परिस्थिती बेताची असेल, तर पहिली वाट बरी. डिप्लोमानंतर नोकरी करता येते आणि पुढे शिकताही येते. आयटीआयमध्ये आरेखक किंवा सर्व्हेअर होऊनही या क्षेत्रात पाऊल टाकता येते.

कॉलेजात पहिल्यांदा गणित, भौतिकशास्त्र आणि आरेखन शिकवतात. मग जमिनीची मोजणी, माती आणि काँक्रीट यांचा अभ्यास येतो. त्यानंतर खर्चाचा अंदाज, करार आणि कामाचे नियोजन हे विषय येतात. हा क्रम उगीच ठरवलेला नाही. ज्याला नकाशा वाचता येत नाही, तो विटा किती लागतील हे काढू शकत नाही. ज्याला विटांचा हिशेब येत नाही, त्याला खर्चाचा अंदाज कसा येणार? पदवीनंतर केवळ व्यवस्थापनाचा अभ्यास करायचा असेल, तर पुण्यात निकमार ही संस्था आहे. ती १९८३ साली याच विषयासाठी सुरू झाली. नागपुरात व्हीएनआयटी आहे, तिची सुरुवात १९६० साली झाली.

मग तुमच्या नकाशातील क्रिटिकल पाथ कोणता? गणित! आठवी-नववीत भूमिती आणि त्रिकोणमितीचा पाया कच्चा राहिला, तर पुढची सर्व कामे लांबतात. दुसरे काम भाषेचे. तुम्ही उर्दूतून शिकता. कॉलेजातील बहुतेक पुस्तके इंग्रजीत असतात आणि कामावरचे मजूर, सरपंच व कार्यालये मराठी बोलतात. म्हणून इंग्रजीचे एक पान आणि मराठीचे एक पान रोज वाचा. यात तुम्हाला एक सोय आहे. इमारत, नकाशा, जमीन, दरवाजा, कमान, मजूर, हिशेब हे सारे शब्द मराठीत आहेत आणि तुमच्या घरच्या भाषेतही आहेत. काही कामांना मात्र सुताराच्या कामासारखी सवड आहे. संगणकावर नकाशा काढणे पुढे कॉलेजात शिकता येईल. त्यासाठी आज घाबरू नका.

एका विद्यार्थ्याची गोष्ट

माझा एक विद्यार्थी दहावी होताच सेंटरिंगच्या कामावर गेला. घरी कमावणारे कोणी नव्हते. चार वर्षांत त्याचा हात इतका बसला की नवे लोक त्यालाच विचारत. तरी मजुरी तेवढीच राहिली. एक दिवस तो शाळेत आला आणि म्हणाला, "सर, स्लॅबची सळई कशी बांधायची ते मला माहीत आहे. पण तशीच का बांधायची, ते नकाशात लिहिलेले असते आणि मला नकाशा वाचता येत नाही." मी त्याला सांगितले, "डिप्लोमाला वयाची अडचण नाही. अर्ज कर." तो पुन्हा गणिताचे पुस्तक घेऊन बसला. पहिले वर्ष त्याला फार जड गेले. एका विषयात तो नापासही झाला. पण डिप्लोमा पूर्ण झाला. आज तो एका पुलाच्या कामावर साइट पर्यवेक्षक आहे. मजुराला हेल्मेट घातल्याशिवाय तो वर चढू देत नाही, कारण तो स्वतः कधी काळी हेल्मेटशिवाय चढला आहे.

त्याची ती चार वर्षे वाया गेली, असे मी म्हणणार नाही. हाताने केलेले काम त्याला कॉलेजात उपयोगी पडले. पण दहावीत असतानाच कोणी त्याला वाट दाखवली असती, तर ही चार वर्षे वाचली असती. म्हणूनच हा पाठ मी तुमच्यासाठी लिहिला आहे.

आज घरी गेल्यावर एक कोरा कागद घ्या. शेवटी आपल्याला काय व्हायचे आहे ते लिहा. मग मागे मोजत मोजत आजच्या दिवसापर्यंत या. शेवटची ओळ आजच्या अभ्यासाची असेल. तेथूनच खोदकाम सुरू करा.

शब्दार्थ

पाळ – तलावाचा मातीचा बांध
सांडवा – जास्तीचे पाणी जाण्याची वाट
टेकू – आधाराचा खांब
गिलावा – भिंतीवरचा लेप, प्लास्टर
आरेखक – नकाशे काढणारा, नक्शानवीस
सवड – मोकळा वेळ, फुरसत
पर्यवेक्षक – कामावर देखरेख करणारा, निगराँ

स्वाध्याय

१. बांधकाम व्यवस्थापकाला कोणत्या चार गोष्टी सांभाळाव्या लागतात? जंगलाच्या भागात पाचवी कोणती?
२. टेकू लवकर का काढू नयेत?
३. खोलीच्या पायाला तीन दिवस उशीर झाला, तर काम कोणत्या तारखेला संपेल?
४. पाठातील असे पाच शब्द लिहा, जे उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या अभ्यासाचा नकाशा काढून वर्गात दाखवा.