वाटेत साप दिसला तर

पाऊस लागला की सापाच्या बिळात पाणी शिरते. त्याच दिवसांत बेडूक नि उंदीर माजतात. साप बाहेर पडतो तो कोरड्या जागेसाठी आणि पोटासाठी. आपणही पोटासाठीच शेतात जातो. मग बांधावर, ओढ्याकाठी, कडब्याच्या गंजीपाशी आपली नि त्याची गाठ पडते. ही गाठ पडायचीच. ती कशी निभवायची, एवढेच आपल्या हातात आहे.

साप माणसाच्या मागे लागत नाही. डूख धरतो म्हणतात, तेही खरे नव्हे. विष हे त्याचे उंदीर मारायचे हत्यार आहे. ते तो उगाच वाया घालवत नाही. अंगावर पाय पडला, हात लागला, किंवा पळायला वाट उरली नाही, की मग डसतो.

आपल्याकडे पुष्कळ साप बिनविषारी. धामण, दिवड, कवड्या हे त्यातले. धामण तर शेतकऱ्याची राखणदार. बिळात शिरून उंदीर खाते ती. माणूस दगावतो तो बहुतेक चार सापांमुळे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग फणा काढून सांगतो, की बाबा, लांब राहा. फुरसे हातभर लांबीचे, कोकणात कातळावर पुष्कळ. ते अंगाला अंग घासून खरखर आवाज करते. मण्यार मात्र काहीच सांगत नाही. रात्री घरात शिरते आणि जमिनीवर निजलेल्याला डसते. पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून पावसाळ्यात खाटेवर निजावे, मच्छरदाणी गादीखाली खोचावी.

चौथी घोणस. तिच्याबद्दल आम्हाला जरा जास्त सांगायचे आहे.

घोणस जाड असते. पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके असतात. माणूस आला तरी ती चटकन पळत नाही. वेटोळे घालून जागीच बसते आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते. पाचोळ्यात ती दिसत नाही. तो आवाजच आपल्याला वाचवतो.

१९९१ सालची गोष्ट. आम्ही सुट्टीत बहिणीच्या गावी गेलो होतो. तिन्हीसांजेला दाजींबरोबर दारे धरायला निघालो. बांधावर फुत्कार ऐकू आला. कंदील वर केला, तर चार हातांवर घोणस. आम्ही म्हणालो, "दाजी, थांबा. जाऊ द्या तिला."

दाजी हसले. "मास्तर, तुम्ही शाळा बघा. शेतातलं आम्हाला कळतं." आणि काठी घेऊन पुढे झाले. पहिला घाव चुकला. दुसरा उचलायच्या आत ती त्यांच्या नडगीला डसली.

घरी आणले. कुणी पायाला दोरी आवळली. कुणी पात्याने चिरले. मग देवळात देवऋष्याकडे नेले. रात्रभर लिंबाचा पाला नि अंगारा चालला. आम्ही शिकलेले. आम्हाला कळत होते. पण पाहुणे म्हणून गेलेलो, चारचौघांपुढे तोंड उघडले नाही. पहाटे पाय मांडीपर्यंत सुजला. हिरड्यांतून रक्त येऊ लागले. तेव्हा कुठे जीप मिळवून तालुक्याला नेले. डॉक्टरांनी विचारले, "रात्री का नाही आणलंत?" घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. चौथ्या दिवशी दाजी गेले. बहीण तेव्हा तीस वर्षांचीही नव्हती.

२००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज अभ्यासकांनी २०२० साली मांडला. त्यात बहुतेक आपल्यासारखी खेड्यातली माणसे.

तेव्हा साप दिसला की प्रथम उभे राहा. धावू नका. नजर त्याच्यावर ठेवा आणि सावकाश मागे सरा. दोन पुरुष अंतर ठेवा नि त्याला वाट द्या. काठी सापाला मारायला नको, पण वाटेवरचे गवत चाळवायला हवी. रात्री बॅटरी आणि पायात बूट हवेत. कडब्याची पेंढी आधी काठीने हलवा, मग हात घाला.

तरीही डसलाच, तर त्या माणसाला चालवू नका. डसलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा फळीला सैल बांधा, म्हणजे हलणार नाही. हातातले कडे, पायातली जोडवी काढा, कारण सूज येते. आवळू नका, चिरू नका, तोंडाने चोखू नका. १०८ ला फोन लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. विषावरचे औषध घोड्याच्या रक्तापासून करतात. एकच औषध या चारही सापांच्या विषावर चालते. म्हणून साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. तेवढ्या वेळात माणूस दवाखान्याच्या वाटेला लागतो.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा त्याच बांधावर होतो. या वेळी भाचा बरोबर होता. बाप गेला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. तोच फुत्कार ऐकू आला. भाच्याने बॅटरी खाली धरली आणि हाताने आम्हाला मागे सारले. आम्ही दोघे पावसात उभे राहिलो. बराच वेळ गेला. मग ती सावकाश उलगडली आणि निवडुंगात शिरली.

"मामा, गेली," तो म्हणाला. मग आम्ही दारे धरायला गेलो.