चाक घसरू नये म्हणून : डब्ल्यूडीजी-४ इंजिनाची कथा

मालगाडीचे डिझेल इंजिन कशाच्या बळावर गाडी ओढते, असे वर्गात विचारले तर बहुतेक विद्यार्थी 'डिझेलच्या' असे उत्तर देतील. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. डिझेल जाळून कितीही शक्ती निर्माण केली तरी ती शेवटी पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्या स्पर्शातूनच गाडीपर्यंत पोचते. हा स्पर्श प्रत्येक चाकाखाली जेमतेम एखाद्या लहान नाण्याएवढ्या जागेत होतो. तेथे घर्षण कमी पडले की चाक जागच्या जागी गरगरते आणि गाडी हलत नाही. भारतीय रेल्वेच्या 'डब्ल्यूडीजी-४' या मालवाहू इंजिनाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या घसरणाऱ्या चाकाला आवर घालण्याचा इतिहास आहे.

प्रथम नावाचा अर्थ पाहू. 'डब्ल्यू' म्हणजे रुंदमापी, अर्थात १६७६ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर चालणारे. 'डी' म्हणजे डिझेल. 'जी' म्हणजे गुड्स, म्हणजेच मालगाडीसाठी. आणि ४ हा आकडा ४००० अश्वशक्ती दाखवतो.

डिझेल असताना वीज कशाला?

डिझेल यंत्राची एक अडचण अशी, की ते उभ्या स्थितीतून बोजा ओढू शकत नाही. ते आधी ठरावीक वेगाने फिरत असले पाहिजे. ट्रकमध्ये ही अडचण क्लच आणि गिअर यांनी सोडवतात. परंतु हजारो अश्वशक्ती क्लचच्या चकत्यांवर सोपवून दोन-तीन हजार टनांची गाडी हलवू म्हटले, तर त्या चकत्या जळूनच जातील. म्हणून येथे वेगळा मार्ग काढला आहे. डिझेल यंत्र जनित्र फिरवते, जनित्र वीज निर्माण करते आणि त्या विजेवर आसांना जोडलेल्या मोटारी चालतात. म्हणजे डिझेल इंजिन हे खरे तर स्वतःचे वीजघर सोबत घेऊन धावणारे विजेचे इंजिन आहे. डिझेल-विद्युत हे नाव त्यावरूनच पडले.

भारतात या प्रकारच्या इंजिनांचा मोठा प्रसार केला तो 'डब्ल्यूडीएम-२' या इंजिनाने. अमेरिकेच्या अल्को कंपनीचे हे २६०० अश्वशक्तीचे इंजिन १९६२ मध्ये भारतात आले आणि १९६४ पासून ते वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यात तयार होऊ लागले. मालगाडी असो वा प्रवासी गाडी, दोन्हींना ते चाले. पुढील तीन दशकांहून अधिक काळात अशी अडीच हजारांहून जास्त इंजिने बनली.

त्याचे वजन सुमारे ११३ टन आणि गाडी हलवताना त्याची ओढ सुमारे ३० टन. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सुमारे २७ टक्के. यापुढे ओढ वाढवू गेल्यास चाके घसरत. शिवाय त्याच्या मोटारी एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या होत्या. अशा मोटारीत फिरत्या भागाला कार्बनच्या ब्रशांतून वीज पुरवावी लागते. चढावर गाडी मंद झाली की मोटारीतून प्रचंड प्रवाह वाहतो आणि ती तापते. त्यामुळे पूर्ण ओढ फार वेळ लावून ठेवता येत नसे.

चढाचे गणित

हे अपुरेपण किती जाणवते ते एका उदाहरणाने पाहू. मुंबई-पुणे मार्गावरील भोर घाटात चढ ३७ मध्ये १ इतका तीव्र आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. कर्नाटकातील कॅसलरॉक आणि गोव्यातील कुळे यांच्यामधील ब्रागांझा घाटातही चढ तेवढाच आहे. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा याच घाटातून वर कर्नाटकात जातो.

इंजिनांसह ३००० टन वजनाची गाडी घेऊ. सपाटीवर ती मंद वेगाने चालती ठेवण्यास सुमारे ९ टनांची ओढ पुरते. घाटात मात्र केवळ चढासाठी ३००० भागिले ३७, म्हणजे ८१ टन ओढ जादा लागते! एकूण ९० टन. वळणांचा विरोध वेगळाच. डब्ल्यूडीएम-२ जातीची तीन इंजिने अगदी शेवटच्या मर्यादेपर्यंत ताणली, तर ही बेरीज कशीबशी जुळते; पावसाने रूळ ओले झाले की तीही जुळत नाही.

नवे इंजिन येते

१९९५ मध्ये भारतीय रेल्वेने अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाशी करार केला. मालगाडीची २१ इंजिने घ्यायची आणि त्यांचे तंत्रज्ञानही मिळवायचे, असे ठरले. त्यांपैकी १३ तयार स्वरूपात आणि ८ सुट्या भागांच्या रूपात यायची होती. पहिली इंजिने १९९९ मध्ये आली व हुबळीच्या शेडमध्ये दाखल झाली. २००२ पासून वाराणसीच्या कारखान्यात ती बनू लागली.

याच कंपनीची याच शक्तीची इंजिने अमेरिकेत १९९३ पासून धावत होती. पण तेथे एका आसावर ३१ टनांच्या आसपास भार चालतो. भारतातील रुळांसाठी तो २१ टनांवर आणणे भाग होते. सहा आसांचे मिळून इंजिन १२६ टनांचे झाले. वजन घटले की घर्षण घटते, आणि घर्षण घटले की ओढ घटते. तरीही या इंजिनाची सुरुवातीची ओढ ५० टनांच्या पुढे आहे. स्वतःच्या वजनाच्या ४० टक्क्यांहून अधिक. हे कसे साधले?

यातील जनित्राची वीज प्रथम एकदिश करतात आणि मग तिचे पुन्हा तीन कलांच्या प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करतात. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे कोणालाही वाटेल. कारण असे, की प्रत्यावर्ती मोटारीचा वेग विजेच्या कंप्रतेवर अवलंबून असतो. दुसऱ्या रूपांतराच्या वेळी इलेक्ट्रॉनिक साधनांनी ही कंप्रता हवी तशी कमी-जास्त करता येते. अशा मोटारीत ब्रश नसतात, त्यामुळे देखभाल कमी लागते आणि मंद वेगातही ती जोराने ओढू शकते.

सर्वांत मोठा फायदा घसरण्याच्या बाबतीत होतो. प्रत्यावर्ती मोटार कंप्रतेने ठरवून दिलेल्या वेगाच्या जवळपासच फिरते. चाक घसरून वेग घेऊ लागले की मोटारीचा जोर आपोआप उतरतो आणि चाक पुन्हा रूळ पकडते. एकदिश मोटारीत हा जोर इतक्या झटकन उतरत नाही, म्हणून घसरलेले चाक बेभान फिरू लागते. याशिवाय डब्ल्यूडीजी-४ च्या तळाशी बसवलेला रडार जमिनीच्या सापेक्ष खरा वेग मोजतो. चाकाचा वेग आणि गाडीचा वेग यांत किती फरक पडतो ते संगणक सतत पाहतो. गंमत अशी, की हा फरक शून्य करायचा नसतो. चाक किंचित सरकत असतानाच पकड सर्वाधिक मिळते. त्या सीमेवर चाकाला टिकवून धरणे हे संगणकाचे काम. रूळ ओला असेल तर चाकापुढे वाळू फुंकण्याची जुनी सोय येथेही आहेच.

आता वरचे गणित पुन्हा करा. ९० टनांसाठी दोन इंजिनांची १०० टनांहून अधिक ओढ हाताशी आहे. प्रत्यक्षात वळणे, पाऊस आणि सुरक्षितता यांचा विचार करून घाटात पुढे व मागे आणखी इंजिने लावतात. पण तेवढ्याच इंजिनांत अधिक माल वर जातो, हे महत्त्वाचे. घाट उतरताना याच मोटारी जनित्रासारख्या चालवून गाडी आवरतात. तयार झालेली वीज रोधकांत उष्णतेच्या रूपाने वाया जाते, परंतु डब्यांच्या चाकांवरील ब्रेक तापण्यापासून वाचतात.

पुढे काय झाले?

याच जातीची ४५०० अश्वशक्तीची आणि दोन्ही टोकांना चालककक्ष असलेली इंजिनेही पुढे बनली. मात्र दरम्यान देशातील रुंदमापी मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण होत आले. वाराणसीच्या कारखान्याने विजेची इंजिने बनवायला घेतली आणि २०२० मध्ये त्याचे नावही बदलून 'बनारस रेल इंजिन कारखाना' असे झाले. डिझेलचा भाग मागे पडत असला, तरी तीन कलांच्या मोटारी आणि घसरण्यावरील नियंत्रण हे तत्त्व आजच्या विजेच्या इंजिनांतही आहे.

वर्गात हा विषय घेताना एक सोपा प्रयोग करता येईल. एका फळीवर लाकडी ठोकळा ठेवून फळी हळूहळू उचला. ठोकळा घसरू लागेल तेव्हा फळीचे वर उचललेले टोक किती उंच आहे आणि त्या टोकापासूनचे आडवे अंतर किती आहे, ते मोजा. उंचीला आडव्या अंतराने भागले की घर्षणांक मिळतो. मग फळी ओली करून, नंतर तिच्यावर बारीक वाळू टाकून हाच प्रयोग पुन्हा करा. तिन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि विद्यार्थ्यांना विचारा : १२६ टनांचे इंजिन या प्रत्येक पृष्ठभागावर जास्तीत जास्त किती टनांची ओढ देऊ शकेल?