इंग्रजी आघात आणि आपले लघु-गुरू

‘फोटोग्राफ’, ‘फोटोग्राफी’, ‘फोटोग्राफिक’ हे तिन्ही शब्द आपण जवळजवळ एकाच चालीवर म्हणतो. इंग्रजीत मात्र मुख्य आघात पहिल्यात पहिल्या अक्षरावर, दुसऱ्यात दुसऱ्यावर आणि तिसऱ्यात तिसऱ्यावर पडतो. आघात हलला की स्वरही बदलतात. पहिल्या शब्दातला ठसठशीत ‘फो’ ‘फटॉग्रफी’त पुसट ‘फ’ होऊन जातो. मराठीत केवळ आघात हलल्याने शब्द बदलत नाही, म्हणून इंग्रजीची ही चाल आपल्याला लहरी वाटते आणि शिकवणाराही बहुधा ‘पाठ करा’ म्हणून मोकळा होतो.

पण ती लहरी नाही. अभिजात लॅटिनमध्ये नियम असा होता : शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर, लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. इंग्रजीतल्या लांब नामांमध्ये हाच नियम बऱ्याच अंशी चालतो, असे नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांनी १९६८ साली सविस्तर मांडले. ‘अजेंडा’त ‘जे’पुढे ‘न्ड’ हे जोडव्यंजन आहे, म्हणून ते अक्षर गुरू आणि आघात तिथेच. ‘अरोमा’त ‘रो’ दीर्घ, म्हणून आघात त्यावर. ‘अमेरिका’त ‘रि’ लघू, म्हणून आघात मागे सरकून ‘मे’वर. जोडाक्षराआधीचे ऱ्हस्व अक्षर गुरू मानायचे, हे वृत्तांचे गण पाडताना आपण शिकलेलोच असतो.

दुसरी किल्ली प्रत्ययांची. ‘नेस’, ‘लेस’, ‘फुल’ हे इंग्रजीचे मूळचे जर्मानिक प्रत्यय आघाताला धक्का लावत नाहीत : ‘हॅपी’तला आघात ‘हॅपिनेस’मध्येही ‘हॅ’वरच राहतो. ग्रीक-लॅटिन वळणाचे ‘इक’, ‘इटी’, ‘शन’ हे प्रत्यय मात्र आघात आपल्या लगतच्या आधीच्या अक्षरावर ओढतात. म्हणून ‘इलेक्ट्रिक’मध्ये तो ‘लेक’वर, तर ‘इलेक्ट्रिसिटी’त ‘ट्रि’वर. ‘पॉलिटिक्स’, ‘कॅथलिक’ असे अपवाद आहेत, पण ते मोजके.

इंग्रजी कान शब्द ओळखतो तो बराचसा आघातावरून. प्रत्येक स्वर स्पष्ट उच्चारूनही आपले बोलणे कधी कधी समोरच्याला कळत नाही, त्याचे एक कारण हे. अशा वेळी दोष विद्यार्थ्याच्या जिभेला दिला जातो. वास्तविक त्याला लागणारे लघु-गुरूचे ज्ञान मराठीच्या तासाला आधीच मिळालेले असते. इंग्रजीच्या तासाला त्याची आठवण कोणी करून देत नाही, इतकेच.