घरबांधणीच्या व्यवसायासाठी सॉफ्टवेअर निवडताना

(सिनेगॉगच्या सभागृहात शब्बाथ संपल्यानंतर झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)

 

बांधकामाच्या हुनराशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. कोकणातील तेलघाणे मागे ठेवून आपले पूर्वज मुंबईत आले, तेव्हा त्यांतील अनेकांच्या हाती सुताराचा रंधा आणि गवंड्याची थापी आली. आज आपल्या काही घरांतील मुले दुबई, शारजा, अबू धाबी येथे तेच काम नव्या रूपात करीत आहेत. कोणी व्हिलांमधील नळकाम आणि वीजकाम घेतो, कोणी वातानुकूलन यंत्रे बसवतो, कोणी स्वयंपाकघरे आणि न्हाणीघरे नव्याने बांधून देतो. त्यांच्या परवान्यावर बहुधा 'टेक्निकल सर्व्हिसेस' असे शब्द असतात आणि पदरी पंधरा-वीस माणसे असतात.

अशाच लहान कंपन्यांचे हिशेब मी अनेक वर्षे तेथे पाहत आलो आहे. त्यामुळे इकडे आलो की एक प्रश्न हमखास विचारला जातो : 'मुलाने सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?' आपल्या कार्यकारी मंडळाने आज त्यावरच बोलण्यास सांगितले आहे. प्रश्न रुक्ष वाटेल, परंतु त्याच्या उत्तरावर वीस कुटुंबांची चूल अवलंबून असते, म्हणून थोडे सविस्तर बोलतो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, या व्यवसायात बुडणारी कंपनी कामाअभावी क्वचितच बुडते. ती हाती भरपूर काम असताना बुडते. हे कसे घडते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. आकडे मुद्दाम सोपे घेतो आणि मूल्यवर्धित कर तूर्त बाजूला ठेवतो.

एका व्हिलाच्या नूतनीकरणाचे काम २,००,००० दिरहमांना ठरले. मालकाने आरंभी २० टक्के, म्हणजे ४०,००० दिरहम उचल दिली. प्रत्येक बिलातून १० टक्के रक्कम राखून ठेवायची, असे करारात आहे. तेथे सर्वजण तिला 'रिटेन्शन' म्हणतात. तिचा अर्धा भाग काम पूर्ण झाल्यावर आणि अर्धा दोषदुरुस्तीची मुदत संपल्यावर मिळतो, आणि ही मुदत पुष्कळदा एक वर्षाची असते. आता ६० टक्के काम झाले, म्हणजे १,२०,००० दिरहमांचे. त्यातून राखीव १२,००० वजा झाले, दिलेल्या उचलीपैकी २४,००० वजा झाले. उरले ८४,०००. त्याचा मालकाने चेक दिला, पण दोन महिने पुढच्या तारखेचा. आखाती देशांत ही रीत सर्रास आहे.

या १,२०,००० दिरहमांच्या कामावर मजुरी आणि साहित्य मिळून १,०२,००० खर्च झाले, असे धरू. साधी खतावणी सांगेल की १८,००० नफा झाला. खरोखर हाती आलेली रोकड मात्र ४०,०००च आहे, आणि ६२,००० दिरहम कोठून तरी उभे करायचे आहेत. त्यात महिनाअखेर जवळ आली आहे. अशी चार कामे एकाच वेळी चालू असली की कागदावर भरभराट दिसते आणि पगाराच्या दिवशी तिजोरी रिकामी असते. पुष्कळ मालक मग नव्या कामाची उचल जुन्या कामाच्या मजुरीत घालतात. त्या वाटेवरून परतणे कठीण असते.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. जे सॉफ्टवेअर प्रत्येक कामाचा वेगळा हिशेब ठेवते आणि 'या कामात आज आपली किती रोकड अडकली आहे?' या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर देते, ते आपल्या उपयोगाचे. जे देत नाही, ते कितीही देखणे असले तरी घेऊ नये. बाकीचे निकष यानंतर येतात.

बाजारात जे मिळते, त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार जमाखर्चाच्या सॉफ्टवेअरचा. बंगळुरूचे टॅली आणि चेन्नईच्या झोहो कंपनीचे झोहो बुक्स ही नावे आपल्याला परिचित आहेत. दोन्हींत अमिरातीच्या मूल्यवर्धित कराची सोय आहे आणि दोन्ही जाणणारे हिशेबनीस तेथे सहज मिळतात. ही लहान बाब नव्हे, कारण ज्या सॉफ्टवेअरचा जाणकार गावात एकच आहे, त्याची आजारपणाची रजासुद्धा धंद्याला परवडत नाही. अशा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कामाला स्वतंत्र खर्चकेंद्र करता येते. ते न केल्यास घरोघरचा खर्च एकाच डोहात जातो.

दुसरा प्रकार बांधकाम-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचा. त्यात अंदाजपत्रक, कामाचे वेळापत्रक, नकाशे, वाढीव कामांची मंजुरी आणि उपकंत्राटदारांची बिले असतात. तिसरा प्रकार सेवा-फेऱ्यांचा. वातानुकूलन यंत्राची वार्षिक देखभाल, गळका नळ, बंद पडलेला गीझर अशी दिवसाला वीस-तीस लहान कामे असलेल्यांना तो उपयोगी पडतो : कोणता माणूस, कोणती गाडी, कोणत्या घरी, किती वाजता.

ज्याची मिळकत मुख्यतः लहान फेऱ्यांतून येते, त्याने तिसरा प्रकार आणि जमाखर्च यांची जोडी पाहावी. ज्याची कामे महिनोन्महिने चालतात, त्याने दुसऱ्याची. पाच-सात माणसांच्या नव्या कंपनीला पहिला प्रकार, शिस्तीने ठेवलेले वहीपत्रक आणि एक फोन एवढे पुरते. अमेरिकेतील घरबांधणीसाठी तयार केलेली काही साधने सुंदर असतात, पण पुढील तारखेचा चेक त्यांना सहसा ठाऊक नसतो. म्हणून विक्रेत्याला मी प्रथम हेच विचारतो : उचल, राखीव रक्कम आणि पुढील तारखेचा चेक, हे तिन्ही एका बिलात घालून दाखवा.

आता तेथील कायद्याकडे वळू, कारण काही निकष आपल्यासाठी शासनानेच ठरवून ठेवले आहेत.

संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर आहे. करपात्र उलाढाल वर्षाला ३,७५,००० दिरहमांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची होते. नव्या घराची पहिली विक्री विशिष्ट अटींवर शून्य दराने होते, हे ऐकून काही कंत्राटदारांचा समज होतो की घराचे कामही करमुक्त आहे. तसे नाही. बांधकामाच्या सेवेवर ५ टक्के कर लागतोच. शिवाय आपल्या उदाहरणातील ८४,००० दिरहमांच्या बिलावरचा ४,२०० दिरहम कर बिल दिल्यावर देय ठरतो. चेक वटायला दोन महिने आहेत, याची विवरणपत्राला पर्वा नसते. साहित्यावर भरलेला कर त्यातून वजा मिळतो हे खरे, पण त्यासाठी प्रत्येक खरेदीचे रीतसर करबीजक जपलेले असावे लागते. म्हणून मुकादमाने दुकानातच बिलाचे छायाचित्र काढून ते त्या-त्या कामाला जोडावे, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये हवी. खिशातल्या घामाने पुसट झालेल्या पावतीवर वजावट मिळत नाही.

१ जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना तेथे कंपनी करही लागू झाला. ३,७५,००० दिरहमांवरील करपात्र नफ्यावर त्याचा दर ९ टक्के आहे आणि त्याची कागदपत्रे ७ वर्षे सांभाळावी लागतात. याखेरीज ई-बीजकाची पद्धत येत आहे. अर्थ मंत्रालयाने जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार ५ कोटी दिरहमांहून कमी उलाढालीच्या व्यवसायांना ती १ जुलै २०२७ पासून पाळायची आहे. मेलवर पाठवलेले पीडीएफ बिल म्हणजे ई-बीजक नव्हे. ते ठरावीक रचनेत, मान्यताप्राप्त सेवा-पुरवठादारामार्फत जावे लागते. घरमालकासारख्या खासगी ग्राहकाला दिलेली बिले तूर्त तिच्या कक्षेबाहेर आहेत, पण विकासक किंवा मोठ्या कंत्राटदाराला दिलेली बिले कक्षेत येतात. आज सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याकडून याविषयी लेखी उत्तर घ्यावे.

यानंतरचा विषय मजुरीचा आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मजुराचे वेतन अडवून ठेवू नये, ही आज्ञा आपल्याला तोरेतून लहानपणीच मिळालेली आहे. अमिरातीत २००९ पासून वेतन-संरक्षण प्रणाली आहे. प्रत्येक कामगाराचा पगार बँकेमार्फत, ठरावीक नमुन्याच्या फाइलने द्यावा लागतो, आणि उशीर झाला तर तो मंत्रालयाला दिसतो. ही फाइल सॉफ्टवेअरमधून थेट निघाली पाहिजे. हाताने आकडे उतरवताना एका माणसाचा पगार दुसऱ्याच्या नावावर गेला, तर गावाकडे वाट पाहणाऱ्या घराला त्याचे कारण कळत नाही.

पगारापेक्षाही दुर्लक्षित राहते ती सेवासमाप्तीची रक्कम. एक वर्ष पूर्ण केलेल्या कामगाराला पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि पुढे दरवर्षी ३० दिवसांचे मूळ वेतन देणे लागते. मूळ वेतन १,२०० दिरहम धरले, तर वर्षाला ८४० होतात. वीस माणसांचे १६,८००. हे देणे दररोज वाढत असते, पण माणूस गावी परत जायला निघेपर्यंत अनेक वह्यांमध्ये ते दिसतच नाही. जे सॉफ्टवेअर ते दरमहा देणे म्हणून दाखवते, ते मालकाला प्रामाणिक राहणे सोपे करते.

कामाच्या वेळापत्रकातही तेथील ऋतू असला पाहिजे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ पर्यंत उघड्या उन्हात काम करण्यास बंदी आहे. तीन महिने रोजचे अडीच तास ज्या वेळापत्रकाला माहीत नाहीत, ते घरमालकाला खोटी तारीख देते. आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. २०२२ पासून तेथे साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असते. शारजात शुक्रवारचीही सुट्टी असते. शब्बाथ पाळणाऱ्याला ही सोयीची गोष्ट आहे, मात्र बँकेतील मंजुरीचे काम शुक्रवार दुपारपर्यंत लांबवू नये. पगाराची मंजुरी गुरुवारी संपवण्याची आठवण सॉफ्टवेअरलाच करू द्यावी आणि सूर्यास्तानंतर फोनने गप्प बसावे, अशी व्यवस्था आधीच लावून ठेवावी.

आता प्रत्यक्ष कामाच्या जागेविषयी. कार्यालयात बसून निवडलेले सॉफ्टवेअर तेथे मुकादमाच्या हाती जाते. त्याच्या हाताखाली मल्याळी, बंगाली, पंजाबी, नेपाळी माणसे असतात आणि त्यांच्या बोटांना सिमेंट लागलेले असते. इंग्रजीत दहा रकाने भरायला लावणारी पद्धत तेथे आठवडाभरही टिकत नाही. छायाचित्र, आवाजातील निरोप आणि मोठ्या अक्षरांची दोन बटणे एवढ्यावर काम भागले पाहिजे. तळघरात किंवा नव्या वस्तीत नेटवर्क नसले तरी नोंद फोनमध्ये राहून नंतर पोचली पाहिजे. निवड पक्की करण्यापूर्वी मुकादमाला समोर बसवावे. त्याने मान हलवली नाही, तर पैसे देऊ नयेत.

छायाचित्रांचे मोल विशेष आहे. दुबईत संयुक्त मालकीच्या निवासी प्रकल्पांमध्ये रचनेतील दोषांसाठी विकासक १० वर्षे आणि वीज, पाणी, वातानुकूलन यांच्या जोडण्यांतील दोषांसाठी १ वर्ष जबाबदार असतो. ती तक्रार विकासकाकडून कंत्राटदाराकडे आणि तेथून आपल्या मुलाकडे येते. भिंत बुजवण्यापूर्वी नळाचे, जोडाचे आणि दाबचाचणीच्या काट्याचे तारखेसह छायाचित्र असेल, तर वाद दहा मिनिटांत मिटतो. नसेल तर टाइल फोडावी लागते, आणि बहुधा आपल्याच खर्चाने. तोंडी सांगितलेल्या वाढीव कामाचेही तसेच. 'एक सॉकेट तेवढा वाढवा' असे मालक म्हणाला, तर फोनवरच किंमत कळवून त्याचा होकार नोंदवला जावा. मालकीणबाई सॉकेट विसरतात, पण बिल विसरत नाहीत.

अखेरीस खरेदीविषयी थोडे. विक्रेत्याचे प्रात्यक्षिक पाहून निर्णय घेऊ नये, कारण त्यात सगळे ग्राहक वेळेवर पैसे देतात. आपले नुकतेच संपलेले एक अडचणीचे काम घ्यावे, त्याची सगळी बिले, हजेरी आणि चेक नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरावेत आणि आलेले उत्तर वहीशी ताडून पाहावे. भाडे माणशी आहे की कंपनीला, हे विचारावे. वीस मजुरांचे माणशी भाडे पाहता पाहता डोईजड होते. सर्वांत शेवटी हे विचारावे की, उद्या आम्ही सोडून गेलो तर आमचा सगळा हिशेब, छायाचित्रांसह, उघडता येईल अशा रूपात परत मिळेल काय? सात वर्षे जपायच्या नोंदी भाडे थांबताच कुलूपबंद होणार असतील, तर त्या आपल्या नव्हेत. जुनी पद्धत आणि नवी, दोन्ही एक संपूर्ण करतिमाही बरोबरीने चालवाव्यात, आणि दोन्हींचे आकडे जुळल्यावरच जुनी बंद करावी.

आपली मुले दूर आहेत आणि सर्व तपशील आपल्याला समजतीलच असे नाही. तरी पुढच्या वेळी फोनवर बोलताना धंदा कसा आहे, एवढेच विचारून थांबू नका. सध्या किती घरांचे काम चालू आहे, त्यातील प्रत्येकात किती पैसा अडकला आहे आणि या महिन्याचा पगार कोणत्या पैशातून निघणार आहे, हे तीन प्रश्न विचारा. तो लगेच उत्तर देऊ शकला, तर त्याचे सॉफ्टवेअर ठीक आहे, मग ते कोणत्याही नावाचे असो. उत्तराला दोन दिवस लागत असतील, तर आज ऐकलेले त्याला सांगा.